कळलावीच्या वेलाबद्दल तुमचे प्रश्न

श्रावण लागला की आमच्याकडे रानफुलांचे फोटो येणं सुरू होतं आणि यंदा बहुतेक पत्रांत एकच फूल आहे, लाल-पिवळं, पाकळ्या वर उलटलेल्या, कडा कुरळ्या. कोणाला गोरेवाड्याकडे फिरायला गेल्यावर दिसलं, कोणाला रामटेकला, कोणाच्या वावराच्या धुऱ्यावरच उगवून राहिलं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि आज फक्त याच वेलाचे घेतले, कारण हा वेल विषारी आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते दिसला की उपट, दिसला की जाळ असं करून राहिलेत, आणि मला दोन्हीची सारखीच काळजी वाटते.

प्रश्न: आम्ही काही मैत्रिणी सकाळी गोरेवाड्याच्या बाजूला फिरायला जातो. तिथं कुंपणाच्या तारेवर चढलेल्या वेलाला ज्वाळेसारखी फुलं आली आहेत, फोटो पाठवला आहे. ही कोणाच्या बागेतून आलेली विदेशी लिली आहे का? आणि मागच्या उन्हाळ्यात याच जागी काहीच नव्हतं, मग हे एकदम आलं कुठून?
(प्रतापनगरच्या एक वाचक)

ताई, विदेशी अजिबात नाही, ही आपली कळलावी. हिलाच अग्निशिखा म्हणतात, काही भागात खड्यानाग म्हणतात, शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा, हे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिलेलं. भारतात, श्रीलंकेत, आग्नेय आशियात आणि आफ्रिकेच्या मोठ्या भागात ही आपोआप उगवते. विदर्भातल्या झुडपी जंगलात, बांबूच्या बेटाजवळ, काटेरी झुडपांत पावसाळ्यात शोधली तर सापडते.

ओळखायची असेल तर फुलाच्या आधी पान पाहा, कारण फूल नसतानाही ओळखता आलं पाहिजे. पानाला देठ जवळजवळ नसतो, शिरा एकमेकींना समांतर जातात, आणि पान टोकाकडे निमुळतं होत होत शेवटी त्याचा बारीक धागा होतो आणि तो धागा गोल वळून तारेला, काडीला, शेजारच्या झुडपाला धरतो. काकडी, कारलं यांना असे धागे खोडावर वेगळे फुटतात ना, तसं इथं नाही, इथं पानच चढायचं काम करतं. खोड कोवळं, हिरवं, स्वतःच्या जोरावर उभं राहू न शकणारं, आधार मिळाला तर तीन-चार मीटर जातं, नाही मिळाला तर जमिनीवर पसरतं.

आता उन्हाळ्यात कुठं होती, तर जमिनीत होती. कळलावी बहुवर्षायू आहे पण वरचा वेल दरवर्षी मरतो. दिवाळीच्या मागेपुढे पानं पिवळी पडतात, वेल वाळतो, आणि खाली राहतो फक्त कंद, दोन फाटे फुटलेला, इंग्रजी व्ही सारखा किंवा काटकोनात वळलेला, अगदी नांगरासारखा दिसतो म्हणूनच संस्कृतात हिला लांगली म्हटलंय. नागपूरचा एप्रिल-मे हा कंद कोरड्या मातीत झोपून काढतो आणि पहिला दुसरा पाऊस झाला की फाट्याच्या टोकावरचा डोळा जागा होऊन कोंब वर येतो. दरवर्षी जुना कंद आटून जातो आणि त्याच्या जागी नवीन तयार होतो, म्हणजे वेल तोच पण कंद दर साली नवा. त्यामुळे तुम्हाला दिसलेली कळलावी तिथं बरीच वर्षं असू शकते, फक्त तुम्ही त्या रस्त्याने उन्हाळ्यात गेलात तेव्हा ती खाली होती.

प्रश्न: मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, बॉटनी. आमच्या हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, या फुलाचं वर्णन लिहायचं आहे. काही पुस्तकांत फॅमिली लिलिएसी दिली आहे आणि काहीत कोल्चिकेसी. शिवाय कुक्षीवृंत, म्हणजे अंडाशयातून निघणारी बारीक दांडी, असा आडवा का वळलेला असतो? फुलाचा रंग पण रोज वेगळा दिसून राहिला.
(एक विद्यार्थी, नागपूर)

फॅमिली कोल्चिकेसी लिही. जुन्या वर्गीकरणात लिलिएसी हे एक खूप मोठं कुटुंब होतं, त्यात अनेक कंदवाल्या वनस्पती टाकल्या होत्या, पुढे अभ्यास वाढला तसं ते कुटुंब फोडलं गेलं आणि कळलावी, युरोपातलं कोल्चिकम वगैरे एका वेगळ्या कुटुंबात गेले. तुझ्या कॉलेजचं जुनं पुस्तक त्या काळाच्या हिशोबाने चूक नाही, फक्त आता ते नाव वापरत नाहीत.

फुलात सहा पाकळ्या दिसतात पण त्यांना पाकळ्या न म्हणता परिदलं म्हणायचं, कारण निदलपुंज (बाहेरची हिरवी दलं) आणि दलपुंज (आतल्या रंगीत पाकळ्या) असा फरक इथं नाहीच, सहाही सारखीच. फूल लांब देठावर खाली मान घालून लटकतं आणि परिदलं मात्र उलटी वर वळतात, त्यामुळे पुंकेसर पूर्ण उघडे पडतात, सहा पुंकेसर, चाकाच्या आऱ्यांसारखे चहूबाजूंना पसरलेले, प्रत्येकाच्या टोकाला आडवा टांगलेला परागकोश जो वाऱ्यानेही हलतो. अंडाशय ऊर्ध्वस्थ, म्हणजे परिदलं जिथं जोडलेली असतात त्याच्या वरच्या बाजूला, तीन कप्प्यांचा. आणि तू विचारलेला कुक्षीवृंत, तो अंडाशयाजवळच जवळपास काटकोनात वळून एका बाजूला आडवा बाहेर येतो, टोकाला तीन फाट्यांची कुक्षी, जिच्यावर पराग पडावे लागतात. त्यामुळे होतं काय की स्वतःच्या परागकोशांपासून कुक्षी दूर राहते आणि त्याच फुलाचे पराग तिच्यावर सहज पडत नाहीत. मोठी फुलपाखरं मध प्यायला येतात तेव्हा त्यांचे पंख या पसरलेल्या परागकोशांना घासतात आणि तेच पंख दुसऱ्या फुलाच्या आडव्या कुक्षीला लागतात. फुलचुखे, शिंजीर हे पक्षीही येतात. वेळ काढून एका फुलाजवळ सकाळी बसून बघ, आकृती काढताना मग काहीच पाठ करावं लागणार नाही.

रंगाचं म्हणशील तर तू एकच फूल रोज बघत असशील म्हणून लक्षात आलं, छान. कळी हिरवट, उमलताना परिदलं हिरवट-पिवळी, मग बुडाशी पिवळं आणि टोकाला लाल, आणि शेवटी पूर्ण गडद लाल. एका वेलावर खालपासून वरपर्यंत पाहिलंस तर हे सगळे टप्पे एकाच वेळी मिळतात, हर्बेरियम शीटवर ते रंग टिकणार नाहीत म्हणून ताज्या फुलाचे फोटो काढून ठेव आणि रंगाची नोंद तिथंच वहीत कर. फळ म्हणजे लांबट बोंड, पिकलं की तीन भागांत उकलतं आणि आत शेंदरी-लाल गोल बिया.

एक सांगते, नमुना घेताना कंद उपटू नको. फुलाची एक फांदी पुरते. सरांना सांग की कंदाचं चित्र काढून लावतो. आणि अभयारण्याच्या हद्दीतून तर काहीच आणायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसत नाही.

प्रश्न: माझा सहा वर्षांचा मुलगा रामटेकला ही फुलं तोडून हातात घेऊन गाडीत बसला होता. घरी आल्यावर कळलं विषारी आहे. त्याला काही झालं नाही पण मी रात्रभर झोपले नाही. नुसतं हात लावल्याने विष चढतं का? आणि पोटात गेलं तर नेमकं काय होतं?
(मानेवाड्याच्या एक आई)

हात लावल्याने विष चढत नाही, तेवढ्यापुरतं निश्चिंत राहा. चीक किंवा कंदाचा रस लागला तर काहींना कातडीला खाज सुटते, जळजळ होते, म्हणून साबणाने हात धुवायचे आणि तोच हात डोळ्यांना, तोंडाला लावू द्यायचा नाही. मुलगा आज बरा आहे, त्याने तोंडात काही घातलं नाही, तर काही करायची गरज नाही.

पोटात जाणं मात्र फार वेगळं आहे आणि हा भाग मी सविस्तर लिहून राहिले कारण घरोघरी माहीत असला पाहिजे. या वेलाच्या प्रत्येक भागात कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं, पानात, फुलात, खोडात, आणि कंदात आणि बियांत तर भरपूर. आपल्या शरीरात एका पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हा आतमध्ये बारीक धागे तयार होतात आणि ते क्रोमोझोमना दोन बाजूंना ओढतात, कोल्चिसिन हे धागेच तयार होऊ देत नाही, पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. आता शरीरात सगळ्यात वेगाने नवीन पेशी कुठं बनतात, तर आतड्याच्या अस्तरात, हाडांच्या मगजात आणि केसांच्या मुळाशी, म्हणून मार पण तिथंच बसतो. एवढं लक्षात ठेवलं की पुढची सगळी लक्षणं समजतात.

खाल्ल्याबरोबर काही होत नाही हाच मोठा धोका आहे. दोन तास, सहा तास, कधी बारा तासही जातात, मग घशात आग, मळमळ, उलट्या, पोटात मुरडा आणि पाण्यासारखे जुलाब, कधी रक्त पण. लोकांना वाटतं बाहेरचं खाल्लं असेल, गॅस्ट्रो असेल. त्यानंतर काही वेळा थोडं बरं वाटतं आणि घरचे दवाखान्यातून सुट्टी मागतात, आणि नेमकं त्याच दिवसांत, दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर, किडनी, लिव्हर, हृदय, श्वास, रक्तातल्या पेशी हे सगळं बिघडू शकतं. त्यातून जो वाचतो त्याचे केस आठवड्या-दोन आठवड्यांनी गळतात, नंतर परत येतात. श्रीलंकेत याला नियंगला म्हणतात आणि तिथं रताळं किंवा खायचा कंद समजून उकडून खाल्ल्याने लोक दगावल्याची नोंद वैद्यकीय लिखाणात आहे. शिजवल्याने विष जात नाही.

म्हणून कोणी खाल्ल्याचा नुसता संशय जरी आला तरी लक्षणांची वाट पाहू नका. तोंडातला उरलेला तुकडा काढा, चूळ भरायला लावा आणि १०८ ला फोन करा किंवा सरळ नागपूरची मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं यांतलं जे जवळ पडेल तिथल्या कॅज्युअल्टीत न्या. बोटं घालून उलटी करवू नका, मिठाचं पाणी, तूप, दूध, लिंबू काही पाजू नका. वेलाचा तुकडा किंवा निदान फोटो सोबत न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की कळलावी, कोल्चिसिन, आणि किती वाजता खाल्लं. यावर साप चावल्यावर देतात तसं ठराविक उतारा-इंजेक्शन दवाखान्यात ठेवलेलं नसतं, सलाईन, रक्ततपासण्या, सतत लक्ष ठेवणं यावरच सगळं चालतं, त्यामुळे लवकर पोचणं हाच त्यातला मोठा भाग.

प्रश्न: आमच्या काटोलच्या वावरात धुऱ्यावर हा वेल लय वाढला आहे. बकऱ्या तिथंच चरतात. खाल्ला तर मरतील का? तणनाशक मारू का?
(एक शेतकरी वाचक)

दादा, जनावरांनाही विष बाधतं. आजूबाजूला हिरवा चारा भरपूर असला तर बकरी सहसा याच्या वाट्याला जात नाही, पण चारा कमी असला, किंवा तुम्ही धुरा कापून त्यातच हा वेल मिसळून कडब्यासोबत टाकला, तर निवडायला तिला जागा राहत नाही आणि तिथंच घात होतो. म्हणून कापलेल्या चाऱ्यात हा वेल येऊ देऊ नका, ही पहिली गोष्ट. वेल जिथं आहे तेवढ्या भागात काट्याची फांदी लावा. बकरीला अचानक पातळ हगवण, लाळ, पोट धरून बसणं असं दिसलं तर पशुवैद्यकाला बोलवा आणि वेल दाखवा, आणि त्या जनावराचं दूध काही दिवस घरात वापरू नका, कोल्चिसिन दुधात उतरतं.

तणनाशकाने वरचा वेल वाळेल, कंद खाली राहील आणि पुढच्या मृगात परत येईल, शिवाय धुऱ्यावरचं बाकी गवतही जाईल. चरायच्या जागेतून काढायचाच असेल तर पावसात माती मऊ असताना हातमोजे घालून कंदासकट खणून काढा, आणि कंद गुरं, कुत्री, लेकरं पोचणार नाहीत असा खोल पुरा.

प्रश्न: बाबांचं युरिक ॲसिड वाढून अंगठा सुजला, डॉक्टरांनी कोल्चिसिनची गोळी दिली. गावाकडची आत्या म्हणते ही गोळी कळलावीचीच, मग कंद उगाळून लावला आणि थोडा चाटवला तर पैसे वाचतील. ती असंही सांगते की पूर्वी बाळंतपणात दायी हा कंद पोटावर लावायच्या. आयुर्वेदात पण आहे म्हणे. यात खरं किती?
(हिंगणा रोडवरच्या एक वाचक)

आत्या सांगतात त्यातला बराच भाग खरा आहे आणि त्यामुळेच जास्त सावध राहायला पाहिजे.

कोल्चिसिन पहिल्यांदा वेगळं काढलं फ्रान्समध्ये, १८२० मध्ये, पेलेतिए आणि कावांतू या दोघांनी, युरोपातल्या कोल्चिकमपासून. आपल्याकडे कळलावीच्या बियांतून तेच काढतात आणि तमिळनाडूत त्यासाठी कळलावीची रीतसर शेती होते, मांडवावर वेल चढवतात, एकेका फुलाला हाताने परागीभवन करतात कारण बी जास्त धरलं पाहिजे, आणि बिया औषध कंपन्यांना जातात. त्यामुळे बाबांची गोळी आणि धुऱ्यावरचा वेल यांचं नातं आहेच. पण त्या गोळीत साधारण अर्धा मिलिग्रॅम औषध असतं, मोजलेलं, आणि तरीसुद्धा किडनी कमजोर असेल किंवा काही ठराविक अँटिबायोटिक सोबत चालू असतील, उदाहरणार्थ क्लॅरिथ्रोमायसिन, तर डॉक्टर तीही कमी करतात किंवा बंद करतात, कारण उपयोगी डोस आणि अपायकारक डोस यांत या औषधाचं अंतर फारच थोडं आहे. कंदात किती आहे हे तुम्ही कसं मोजणार? एका कंदात कमी, शेजारच्यात जास्त, उगाळताना पाण्यात किती उतरलं, काहीच हातात नाही. चाटवायचं तर नावच काढू नका. गोळीला जुलाब लागले तर ते सुद्धा डॉक्टरांना लगेच कळवा, ती जास्त झाल्याची पहिली खूण असू शकते.

दायी तळहाताला, तळपायाला, बेंबीवर कंदाचा लेप लावायच्या हे देशात बऱ्याच भागांत होतं. आज कोणाही गरोदर बाईवर हे करू नये, लेप असो की पोटात असो. गर्भ पाडण्यासाठी हा कंद पोटात घेतल्याने बायका गेल्या आहेत आणि हे बोलायला संकोच वाटतो म्हणून घरात कोणी बोलत नाही, पण कोणी असा सल्ला देत असेल तर तिथंच थांबवा आणि त्या बाईला दवाखान्यात सोबत घेऊन जा.

आयुर्वेदात लांगली आहे, आणि ती उपविषांत मोजली आहे, म्हणजे विष म्हणूनच तिची ओळख आहे. गोमूत्रात भिजवून शोधन, म्हणजे शुद्धी, केल्याशिवाय ती वापरत नाहीत आणि ते काम शिकलेल्या वैद्याचं आहे. घरच्या सहाणेवर ते होत नाही.

प्रश्न: आमच्याकडे याला बचनाग म्हणतात. इतवारीत काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तो बचनाग हाच का?

नाही. दुकानातला बचनाग हिमालयातला, निळ्या-जांभळ्या फुलांचा, ॲकोनाइट जातीचा. तोही बहुवर्षायू, तोही जहर, पण त्याचं विष वेगळं, ते नसांवर आणि हृदयाच्या ठोक्यांवर जातं आणि फार लवकर जातं, तोंडाला मुंग्या येणं, बधिरपणा अशी सुरुवात होते. दवाखान्यात नुसतं बचनाग खाल्ला म्हणाल तर डॉक्टर एका विषाचा विचार करतील आणि पोटात असेल दुसरंच, म्हणून फुलाचा रंग, वेल होता की दुकानातली वाळलेली मुळी होती, हे सांगा.

प्रश्न: माझी मुलगी चेन्नईला असते, ती म्हणते हे तिकडचं राज्यफूल आहे. खरं का? मग मी धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवर लावू शकते का? आमच्याकडे काळी माती आहे.
(एक काकू)

खरं आहे काकू, तमिळनाडूचं राज्यफूल हेच, तिकडे कांदळ म्हणतात आणि संगम काळातल्या जुन्या तमिळ कवितेत बाईच्या बोटांना या फुलाची उपमा दिलेली आहे. झिंबाब्वेचंही हे राष्ट्रीय फूल. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथ आफ्रिकेत गेल्या होत्या तेव्हा त्यांच्या एकविसाव्या वाढदिवसाला तिथल्या मुलांकडून याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच दिला गेला. आणि लांब कशाला, आपल्या कोकणात गौरीच्या पूजेत ही फुलं असतात.

गच्चीवर लावता येते, घरात रांगतं लेकरू किंवा सगळं चावणारं कुत्रं नसेल तरच. नुसती काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो. अर्धी माती, बाकी जाड रेती, थोडा मुरूम आणि शेणखत. कुंडी खोल घ्या. मे संपता संपता कंद आडवा ठेवून तीन-चार बोटं मातीखाली लावा, टोकावरच्या डोळ्याला धक्का लागू देऊ नका, तो तुटला तर त्या फाट्याला कोंब येत नाही. चढायला जाळी द्या, पानांच्या टोकांना धरता येईल अशी बारीक, जाड बांबूवर ती पकड बसत नाही. सकाळचं ऊन पुरे. पानं पिवळी पडू लागली की पाणी बंद, आणि मग पुढचे महिने कुंडी कोरडी ठेवून द्या, उन्हाळ्यात दया येऊन पाणी घालू नका. बियांपासून पण येते पण फूल यायला तीन-चार वर्षं धीर धरावा लागतो.

कंद नर्सरीतूनच घ्या. औषधासाठी गोळा करणाऱ्यांनी बऱ्याच जंगलांतून हा कंद इतका खणून नेला आहे की काही भागांत आता वेल सहज दिसत नाही. आणि लावल्यावर कुंडीवर ठळक अक्षरात विषारी असं लिहा, कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा, कारण कोरड्या कुंडीत खणताना तो कंद बाहेर आला तर कोणालाही रताळंच वाटेल.

प्रश्न: आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या कुंपणावर हा वेल आहे. काही लोक म्हणतात राहू द्या, सुंदर आहे. तुमचं मत?

अंगणवाडीच्या कुंपणावरून काढा, यात मला दुसरा विचारच नाही. लाल-शेंदरी बिया तीन-चार वर्षांच्या मुलांना गोळ्यांसारख्या वाटतात आणि दिवाळीच्या सुमारास बोंडं उकलायला लागतात, त्याआधी काढा. मुलं घरी गेल्यावर, हातमोजे घालून, कंदासकट. फेकण्यापेक्षा कंद अख्खा काढता आला तर वस्तीपासून लांब, गुरं चरत नाहीत अशा एखाद्या झुडपाच्या आधाराला परत लावा, टोकावरचा डोळा शाबूत असला तर पुढच्या पावसाळ्यात तिथं उगवेल.